लाकडांच्या खोलीचे आभार

घानातल्या कुमासीच्या मोठ्या बाजारात उखळ घ्यायचे तर ते फ्रेमाकडून, असे तिची गिऱ्हाइके म्हणत. फ्रेमाही तेच म्हणे, फक्त जरा मोठ्याने. तिच्या गाळ्यात लाकडाखेरीज काही नसे. फुफूसाठी उकडलेले कंद कांडायची उखळे, डोक्याच्या वर जाणारी मुसळे, डाव, पळ्या, काथवटी. उखळाला बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकवल्याशिवाय ती ते विकत नसे, आणि आवाज ऐकल्यावरही घासाघीस करणाऱ्याला ती सोडत नसे.

"पलीकडची बाई कमी सांगते," एखादी म्हणे.

"मग तिच्याकडून घे की. पुढच्या पावसाळ्यात तळ फुटेल, तेव्हा रडत माझ्याकडे ये. तोवर मी भाव वाढवलेला असेल."

शेजारी टोमॅटो विकणारी मानू पदराने वारा घेत विचारी, "फ्रेमा, तुझ्या जिभेला वाळवी कशी लागत नाही गं?"

"ओदुमच्या लाकडाची आहे. ओदुमला वाळवी शिवत नाही."

उठताना ती बसायचे स्टूल आडवे करून भिंतीला टेकवून ठेवी. रिकामे स्टूल उभे ठेवले की वाटेवरचे कुणीही, दिसणारे किंवा न दिसणारे, येऊन बसते. हे तिला बापाने शिकवले होते. तिला बापाने पुष्कळ गोष्टी शिकवल्या होत्या, आणि सगळ्या लाकडाच्या होत्या.

बाप, म्हणजे असुबोंतेंग, ज्याला सगळे मानाने ओपान्यिन म्हणत, लाकडाची लॉरी चालवायचा. पश्चिमेच्या जंगलातून ओंडके भरायचे आणि ताकोराडीच्या बंदरावर उतरवायचे, हे त्याचे आयुष्य. लॉरीच्या कपाळावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'घाई कुणाला आहे' असे रंगवलेले होते. एकदा अह्विया गावच्या एका सुताराला त्याने वाटेत लॉरीत घेतले. सुताराकडे भाड्याचे पैसे नव्हते, म्हणून त्याने एक कोरीव फणी दिली. उभट, दात लांब, वर दोन पक्षी एकमेकांकडे पाठ करून बसलेले. असुबोंतेंगने ती गाडीच्या काचेपाशी ठेवली आणि बंदरापर्यंत तिच्याकडे बघत राहिला.

"एवढी झाडं परदेशी धाडतो मी," घरी आल्यावर तो म्हणाला, "थोडं लाकूड घरी यायला नको?"

तिथून ते सुरू झाले. प्रत्येक फेरीला काहीतरी एक. बसायची स्टुले, कुणाच्या मधल्या खांबावर हत्ती, कुणाच्या खांबावर नुसती गाठ. ओवारे खेळायचे खळग्यांचे पट. मूठभर लांबीच्या बाहुल्या, ज्यांचे डोके ताटासारखे गोल आणि अंग काडीसारखे. मुखियाच्या काठीवरची मूठ, जिच्यात एक हात अंडे धरून आहे, कारण सत्ता आवळली तर फुटते आणि सैल सोडली तर पडते. सीमेपलीकडच्या बाउले विणकरांच्या मागावरची कप्पी, तिच्यावर झोपाळू डोळ्यांचा एक चेहरा. एक ढोलही होता, पण तो कुळाचा होता आणि असुबोंतेंगच्या आधीपासून घरात होता. कुळाच्या घरात मागच्या अंगणाला लागून त्याला एक खोली मिळाली होती. ती हळूहळू भरली, आणि गल्लीने तिचे नाव ठेवले लाकडांची खोली.

फ्रेमा त्या खोलीत वाढली असे म्हटले तरी चालेल, जरी ती राहायची आईच्या घरी. आई आपल्या आईच्या घरी, बाप आपल्या आईच्या घरी, मधे दोन गल्ल्या. दिवेलागणीला त्या भागातल्या सगळ्या मुली डोक्यावर झाकलेली ताटे घेऊन आईकडून बापाकडे निघत, तशीच फ्रेमाही निघे. ताडफळांचे कालवण सांडू न देता मान ताठ ठेवून चालायची सवय तिला तेव्हाच लागली, आणि म्हाताऱ्या म्हणत की पोरीचा ताठा त्याच ताटाने आला. बाप जेवायला बसला की ती खोलीत जाऊन एकेक वस्तू खाली काढी, तेल लावी, आणि तो जेवता जेवता बाहेरून ओरडे, "मांजरासारखं चाटू नकोस त्याला, घास. घास!"

मोठेपणी तिचे लग्न झाले, नवरा चांगला होता, शिवणकाम करायचा, पण काही वर्षे मूल झाले नाही. नातेवाईक बोलत, बाप बोलत नसे. एक दिवस तिने ताट खाली ठेवले तेव्हा त्याने ताटाशेजारी खोलीतली एक बाहुली ठेवली आणि हात धुऊन जेवायला लागला. मूल हवे असलेल्या बायका बांधतात तशी फ्रेमाने बाहुली पाठीवर बांधली आणि दुसऱ्या दिवशी तशीच बाजारात गेली.

"नाक कुणावर गेलंय गं हिचं?" मानूने विचारले.

"बापावर. त्याचंही असंच चपटं आहे."

सगळा बाजार हसला, आणि तिला हसू द्यायचे होते. गुपचूप बांधलेल्या बाहुलीला गुण येत नाही असे तिचे मत होते. पुढे मुलगी झाली. फ्रेमाने बाहुली धुऊन, तेल लावून परत नेली, आणि त्यानंतर बाजारातल्या बायका तिच्याकडे येऊन हळूच विचारू लागल्या. असुबोंतेंगने हरकत घेतली नाही. त्याचा एकच नियम होता: वस्तू कामासाठी जाईल आणि तेल लावून परत येईल. स्टूल नवरीला बसवायला जाई, पट मयताच्या घरी रात्र काढणाऱ्यांसाठी जाई, बाहुल्या तर कधी एका जागी नसतच. खोलीत पाहायला आलेल्याला निम्म्या खुंट्या रिकाम्या दिसत.

"चोरी झाली का ओपान्यिन?" कुणी विचारले तर तो म्हणे, "कामाला गेलेत सगळे. तुझ्यासारखे बसून खात नाहीत."

एका वर्षी उत्तरेचा धुळीचा वारा फार दिवस वाहिला आणि असुबोंतेंगची छाती भरली ती मोकळीच झाली नाही. लॉरी त्याने आधीच विकली होती. त्याने बहीण पोकुआला, कुळातले वडीलधारे नाना न्यांताची यांना आणि शेजारच्या दोघांना बोलावून घेतले. फ्रेमाही होती. नेहमीप्रमाणे ताट घेऊन आली होती.

"ऐका सगळे," तो खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला. "माझं आसन कुळाचं, त्याला मी हात लावत नाही. ढोल कुळाचा. पण ती खोली मी माझ्या घामानं भरली. खोलीतलं लाकूड मी माझ्या मुलीला, फ्रेमाला देतो. तुम्ही साक्षी."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी फ्रेमाकडे पाहिले. आता काय व्हायचे ते तिथल्या मांजरालाही ठाऊक होते. देणाऱ्याने दिले, की घेणाऱ्याने उठायचे, जिनची बाटली आणायची, सगळ्यांदेखत आभार मानायचे, आणि साक्षीदारांनी एकेक घोट घ्यायचा. घोट घशाखाली उतरला की दान पक्के. तोवर ते नुसते बोलणे. आणि हे दान पक्के व्हायलाच हवे होते, कारण मूल आईच्या कुळाचे. फ्रेमा असुबोंतेंगची मुलगी असली तरी त्याच्या कुळाची नव्हती. माणूस गेला की त्याचे सगळे त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जाते, मुलीकडे काही येत नाही.

फ्रेमाला हे सगळे कळत होते. तिने बापाच्या बारीक झालेल्या मनगटाकडे पाहिले. आज बाटली आणली तर तिचा अर्थ एकच होता: हो बाबा, तुम्ही चाललात, द्या काय द्यायचे ते. तिची जीभ, जिला वाळवी लागत नसे, एकदम जड झाली.

"आभार कसले एवढ्यात?" ती म्हणाली. "ईस्टरला सगळे येणारच आहेत. तेव्हा दोन बाटल्या आणते. बाबा स्वतः ओततील."

नाना न्यांताची खोकले. पोकुआआत्या काहीतरी बोलायला गेली. असुबोंतेंग मुलीकडे बघून हसला आणि म्हणाला, "मी लॉरीवर लिहिलंच होतं की."

ईस्टर यायच्या आत तो गेला.

शवपेटी आणायची ती मुलांनी, असा रिवाज. फ्रेमाने पेटी आणली, ओदुमची, पितळी कड्यांची. ती खांद्यावर येताना गल्लीतल्या बायकांनी तिला वाखाणले. तिने लाल-काळे वस्त्र नेसून सगळे विधी केले, आणि कुणालाही तिचे रडणे दोनदा ऐकू आले नाही. मग लोक पांगले, आणि अक्राहून एक खरेदीदार आला.

माणूस वागायला चांगला होता. शर्ट पांढरा, बोलणे मऊ. त्याने पोकुआआत्याची विचारपूस केली, खोली पाहिली, एकेक वस्तू दोन्ही हातांनी उचलून परत जागेवर ठेवली. सगळी खोली एकदम घ्यायला तो तयार होता. समुद्रापलीकडे एका श्रीमंताचे घर होते, तिथे काचेच्या कपाटांत सगळे नीट राहिले असते.

"रिकाम्या खुंट्यांचं काय?" त्याने विचारले.

"ते कामाला गेलेत," फ्रेमा म्हणाली.

त्याला ते कळले नाही. त्याने वारस कोण याची चौकशी केली आणि ताकोराडीचा पत्ता लिहून घेतला.

वारस होणार होता याव अंपेम, पोकुआआत्याचा मुलगा, म्हणजे असुबोंतेंगचा सख्खा भाचा. ताकोराडीच्या बंदरावर गोदामात नोकरीला होता. फ्रेमाहून बराच लहान. तो रांगत होता तेव्हा आत्या त्याला फ्रेमाच्या पाठीला बांधून बाजारात जायची. माणूस वाईट नव्हता, उलट सरळ होता. खरेदीदार भेटला तेव्हा त्याने मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या बैठकीपर्यंत थांबायला सांगितले, आणि आईला निरोप धाडला की विकले तर कुळाच्या घराचे छप्पर नवे करता येईल. छप्पर खरेच गळत होते. पावसात आत्याची खाट घरभर फिरायची.

चाळिसाव्याच्या आदल्या संध्याकाळी आत्या फ्रेमाला अंगणात बाजूला घेऊन गेली.

"मी सांगते उद्या," ती म्हणाली. "त्या दिवशी नाना उठून घरी गेल्यावर फ्रेमानं बाटली आणली होती. मी प्यायले. साक्षीदार मी."

"तू?"

"मग कोण?"

"आत्या, तू मेथॉडिस्ट चर्चच्या पहिल्या बाकावर बसतेस. जिनचा वास आला तरी खिडकी उघडतेस. तू प्यायलीस म्हटल्यावर पाद्रीसुद्धा चाळिसाव्याला धावत येईल."

आत्याला हसू आले आणि लगेच डोळ्यांत पाणी आले. "मग काय करशील गं?"

"खरं सांगेन. उद्या जमिनीवर बाबांच्या नावानं पहिला थेंब पडणार. त्याच्यासमोर मी खोटं बोलू?"

"आणि खोली गेली तर?"

 त्या रात्री नवरा झोपला तरी फ्रेमा जागी होती. सकाळी उठून तिने जिनची एक चांगली, सीलबंद बाटली विकत घेतली, कापडात गुंडाळली आणि बैठकीला गेली.

अंगणात दोन्ही बाजूंना लोक बसले होते. पुरुषांनी उजवा खांदा उघडा टाकून वस्त्रे पांघरली होती. नाना न्यांताची मधोमध होते. जमिनीवर पहिला घोट ओतला गेला, असुबोंतेंगचे नाव घेतले गेले, त्याच्या आधी गेलेल्यांची नावे घेतली गेली. मग खोलीचा विषय निघाला.

"असुबोंतेंगनं खोली मुलीला दिली, आम्ही ऐकलं," नाना म्हणाले. "फ्रेमा, आभार मानलेस का?"

"नाही नाना."

अंगणात कुजबुज झाली. याव मान खाली घालून बसला होता, त्याने वर पाहिले.

"का नाही?"

"आभार मानले असते तर बाबांना वाटलं असतं मी त्यांच्या मरणाची वाट बघतेय. मला वाटलं, ते ईस्टरपर्यंत आहेत. चूक माझी." तिने कापड सोडले. "बाटली आणलीय आज. उशिरा आणली, पण आणलीय. घ्या."

नानांनी बाटलीकडे पाहिले, तिला हात लावला नाही. "थांब पोरी. आम्ही जरा म्हातारीला विचारून येतो."

चारपाच वडीलधारे उठले आणि घरामागे निघाले. म्हातारीला विचारणे म्हणजे आपसांत खल करणे. घरामागे म्हातारी कुणी नसते, हे सगळ्यांना माहीत असते. पोकुआआत्या मात्र त्यांच्या पाठीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "खरी म्हातारी इथं बसलीय! हिला कधी कुणी विचारलंय?"

बायकांत खसखस पिकली. घरामागे बराच वेळ आवाज चढत-उतरत राहिले, मग सगळे परत येऊन बसले.

"म्हातारी म्हणते," नाना म्हणाले, "असुबोंतेंगची इच्छा आम्हाला मान्य आहे, पण इच्छा म्हणजे दान नव्हे. आभाराचा घोट देणाऱ्यासमोर घ्यायचा असतो. देणारा उठून गेला. आज आम्ही तुझी बाटली घेतली, तर उद्या कुळातला प्रत्येक माणूस मेलेल्या मामाच्या नावानं बाटली घेऊन येईल. आता हे आभार कुणाचे मानायचे, सांग? मेलेला माणूस पेला धरत नाही. खोली कुळाच्या मालमत्तेत राहील."

बाटली फ्रेमाच्या मांडीवर परत आली. तिने ती कापडात गुंडाळली नाही, तशीच धरून बसली. मानू बाजारातून आली होती. तिने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढचे सोपस्कार झाले. नानांनी यावला उभे केले, असुबोंतेंगच्या जागी तू, असे सांगितले. त्याचे आसन, त्याचे नाव, त्याची मालमत्ता, त्याची माणसे, सगळे तुझे. यावने लगेच आपली बाटली पुढे केली, सगळ्यांना वाकून आभार मानले. पेला फिरला, वडीलधाऱ्यांनी घोट घेतला, पुटपुटून आशीर्वाद दिले. किती पटकन झाले ते. फ्रेमा बघत होती. त्याची माणसे, नाना म्हणाले होते. तिने ते शब्द मनात पुन्हा एकदा ऐकले, आणि उठून उभी राहिली.

"नाना, मला एक विचारायचंय."

"विचार."

"याव आता माझ्या बापाच्या जागी आहे ना?"

"आहे."

"म्हणजे माझी मुलगी आजारी पडली तर मी याच्याकडे यायचं? नवऱ्याशी भांडण झालं तर यानं मिटवायचं?"

"यायचंच. वारसा म्हणजे नुसती खोली नव्हे. बापाची जागा घेतली तो बाप."

फ्रेमा यावकडे वळली. ज्याचे शेंबडे नाक तिने आपल्या पदराने पुसले होते, त्याच्यासमोर ती दोन्ही गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "बाबा."

 आधी मागून मानूलाच हसू फुटले, आणि हसणे दोन्ही बाजूंनी फिरत गेले. नानांनी तोंडावर वस्त्र धरले. यावचे कान पार तापले.

"अगं ताई, उठ! काय करतेस!"

"मुलीला कुणी ताई म्हणतं का? बाबा, ऐका. तुम्ही ज्या जागेवर बसलात, त्या जागेवरून एक शब्द दिला गेला होता. या सगळ्यांसमोर. तो शब्द अर्धा राहिला तो माझ्यामुळे, देणाऱ्यामुळे नाही. त्याची मालमत्ता तुमच्याकडे आली, तर त्याचा शब्द कुठे गेला? हवेत? नाना विचारतात आभार कुणाचे मानू. तुमचे. पण आधी तुम्ही दिलं पाहिजे. देता की नाही, ते तुमच्यावर."

"हे बरोबर आहे का नाना?" यावने विचारले. 

 या वेळी म्हातारीला विचारायला कुणी उठले नाही. "वारस ते देऊ शकतो," नाना म्हणाले. "द्यायलाच पाहिजे असं नाही. तू ठरव."

"मग मला खोली बघू दे," याव म्हणाला. "ये."

दोघे खोलीत गेले. दार पुढे लोटले तरी उघडेच राहत असे, त्यामुळे आत्या उंबऱ्याशी जाऊन बसली आणि तिने कुणाला पुढे येऊ दिले नाही. आत अंधार आणि तेलाचा वास. याव मधे उभा राहून रिकाम्या खुंट्या बघत होता.

"सगळ्यांसमोर कोंडीत पकडलंस मला."

"हो."

"आधी घरी येऊन बोलली असतीस तर?"

"तर तू म्हणाला असतास, विचार करतो. आणि परवा तो अक्रावाला आला असता."

याव हसला. इच्छा नसताना हसला. "खरं आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "आई पावसात भिजते, ताई. मी तिकडे बंदरावर पाऊस ऐकतो, आणि मला इथलं छप्पर दिसतं. मी खोली माझ्यासाठी विकत नव्हतो."

"माहीत आहे मला. म्हणून तर गुडघे टेकले. चोर असतास तर मुसळ आणलं असतं."

"मग छपराचं?"

"बापाची पेटी मुलगी आणते, तर बापाच्या घराचे पत्रे तिला कुणी नको म्हटलंय? अर्धे मी आणते. पण अर्धेच. सगळं मुलीवर टाकणारा बाप मला चालणार नाही."

त्याने कपाटावरचा एक ओवारे पट खाली काढला, खळग्यांत बोटे फिरवली. "हा मला हवा. संध्याकाळी गोदाम बंद झालं की आम्ही मातीत खड्डे करून खेळतो."

"घे ना. अजून सगळं तुझंच आहे. बाटली उघडेपर्यंत."

"आणि खरेदीदाराला काय सांगू?"

"सांग, मुलगी ऐकत नाही."

ते बाहेर आले. यावने पट काखेत धरला होता. तो नानांच्या शेजारी उभा राहिला, घसा साफ केला आणि मोजून, गोदामात माल लावावा तसे एकेक बोलला. आसन कुळाचे. ढोल कुळाचा. अंडे धरलेली मूठ आजच्या दिवसापासून कुळाची, कारण ती मुखियाच्या घराण्याकडून आली होती आणि तिने कुळातच राहावे. हा पट त्याचा स्वतःचा. छपराचे अर्धे पत्रे त्याचे, अर्धे फ्रेमाचे. बाकी खोलीतले सगळे लाकूड, जे खुंट्यांवर आहे ते आणि जे कामाला गेले आहे ते, तो आपली मुलगी फ्रेमा हिला देतो.

"मुठीचं मला कबूल नाही," फ्रेमा म्हणाली. "ती बाबांनी विकत घेतली होती."

"कबूल नसेल तर देत नाही."

तिने त्याच्याकडे पाहिले. तो आता हसत नव्हता. त्याचा खांदा भार पेलायला शिकत होता, आणि तिला ते आवडले. "कबूल," ती म्हणाली, आणि पुढचा श्वास घ्यायच्या आत बाटलीचे सील तोडले.

पहिला पेला यावला. त्याने घेतला आणि तोंड वाकडे केले, कारण त्याला फक्त ताडीची सवय होती. दुसरा नानांना. त्यांनी थोडे जमिनीवर ओतले, थोडे स्वतःला ठेवले, आणि जे स्वतःला ठेवले ते जास्त होते. मग बाकीच्या वडीलधाऱ्यांना, शेजाऱ्यांना, मानूला. मानूने पेला परत दिलाच नाही. शेवटी फ्रेमा आत्यासमोर आली.

"साक्षीदार आहेस ना? मग ओठ लाव."

"रविवारी काय सांगू चर्चमध्ये?"

"सांग, नातीनं पाजली. याव माझा बाप, म्हणजे तू आजी झालीस."

आत्याने ओठ लावले, डोळे घट्ट मिटले, आणि पेला रिकामा करून दिला. त्यावर झालेला गलका गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

नानांनी बाटली उलटी करून सगळ्यांना दाखवली. "झालं," ते म्हणाले. "आता कुणाला काही बोलायचं असेल तर त्यानं आपली बाटली आणावी."

दोन दिवसांनी याव ताकोराडीला निघाला. फ्रेमा गाळा मानूवर सोपवून त्याला गाडीवर बसवायला गेली. तिने शेंगदाण्याच्या कालवणाचा डबा आणि भाजलेली केळी बांधून दिली होती. मोटार स्टँडवर तिकीट फाडणारा त्यांच्याकडे बघत होता, कारण फ्रेमा यावला सूचना देत होती आणि प्रत्येक सूचनेला बाबा जोडत होती. बाबा, खिडकीशी बसा. बाबा, पट मांडीवर ठेवा, वर ठेवलात तर धक्क्यानं पडेल. बाबा, पत्रे बंदरावर स्वस्त मिळतील तर तिथूनच पाठवा.

"ही कोण तुमची?" शेवटी न राहवून तिकीटवाल्याने यावला विचारले. "आई का?"

यावने डबा दोन्ही हातांनी सांभाळत फ्रेमाकडे पाहिले. तिच्या कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते.

"माझी थोरली मुलगी," तो म्हणाला. "जरा हट्टी आहे. लहानपणी लाडावली."

फ्रेमाचा हात सवयीने त्याच्या डोक्यावर टपली मारायला उठला, आणि अर्ध्या वाटेवर थांबला. तिने हात खाली घेतला, गुडघ्यात किंचित वाकून बापाला निरोप द्यावा तसा निरोप दिला आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.